थांबा, आलोच

१९ ऑगस्ट, सोमवार

शेवटी फर्मान सुटलं! महिनाअखेरच्या आत दुकानाची साइट सरळ नावावर आणायची. नावामागे शेपूट नको.

बाबांच्या तोंडून हे ऐकून हातातली कात्री खाली ठेवली मी. या माणसाने दोन वर्षांत माझ्या साइटकडे ढुंकून पाहिलेलं नाही. आणि आज एकदम शेपूट! म्हणे, शाळेच्या हेडबाईंनी नुसतं दुकानाचं नाव टाइप केलं तर दारच बंद दिसलं, त्यांनी शिक्के दुसरीकडून करून घेतले. "नावापुढे स्लॅश टाकून दुकान असं लिहायचं, हे लोकांना काय स्वप्नात दिसणार आहे?"

बरोबर आहे. हेच मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते, तेव्हा ऐकलं नाही.

झालंय असं की नुसत्या नावावर माझ्या धाकट्या भावाने केलेलं पान बसलंय. पांढरं पान, मधोमध दोन वाक्यं — "काम चालू आहे. थांबा, आलोच." त्याच्या खाली आमच्या काउंटरवरच्या तारखेच्या शिक्क्याचा ठसा, स्कॅन करून लावलेला. रबरी शिक्के करणाऱ्यांची साइट, म्हणून ही गंमत. ते पान तात्पुरतं होतं, त्यामागे तो खरी साइट बांधणार होता. तीन आठवड्यांनी घर सोडून गेला. याला पावणेतीन वर्षं झाली. ना फोन, ना चिठ्ठी.

नंतर साइट मी बांधली. त्याच्या पानाला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून आतल्या बाजूला एक फोल्डर केला, त्याला 'दुकान' नाव दिलं आणि त्यात सगळं मांडलं. तात्पुरतं म्हणून! आमच्या घरात तात्पुरतं म्हणून जे केलं ते जन्माचं झालं.

विचारलं, "आणि धाकट्याचं पान?"

"काढून टाक."

माझ्याकडे बघितलंही नाही. तारखेच्या शिक्क्याची चाकं फिरवत होते. रोज सकाळी शटर अर्धं असतानाच आधी ते करतात, मग दिवा लावतात, मग बाकी सगळं.

२० ऑगस्ट, मंगळवार

काढून टाक! इतकं सोपं असतं का? हो, यांना सोपंच. मुलालाही असंच काढून टाकलं होतं.

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. धाकटा म्हणाला होता, शिक्क्यांचे दिवस भरले, मला यात आयुष्य घालवायचं नाही. एवढंच म्हणाला. बाबांनी काउंटरवरचा तारखेचा शिक्का उचलून भिरकावला. त्याला नाही लागला, चौकटीला लागला. तो चपला घालून गेला, आणि बाबांनी शिक्का उचलून पुसून परत जागेवर ठेवला. एकच्या आकड्याच्या पायाचा टवका उडाला तेव्हा. अजून तोच वापरतात. नवा करणं म्हणजे आम्हाला अर्ध्या दिवसाचं काम, पण नाही!

आई रोज संध्याकाळी सगळे शिक्के फडक्याने पुसून ठेवते. तोही पुसते. कशी पुसू शकते देव जाणे. मी असते तर गटारात फेकला असता.

२२ ऑगस्ट, गुरुवार

दुकान बंद असतं त्या दुपारच्या दोन तासांत कामाला लागले. आधी सगळ्याची एक प्रत काढून माझ्या लॅपटॉपवर ठेवली. धाकट्याचं पानही त्यात आलं. काही विचार करून नाही, सवयीने.

काम तसं मोठं नाही. साइटला दोन पत्ते असतात — फाइली जिथे राहतात तो, आणि लोक जो टाइप करतात तो. फाइली 'दुकान' फोल्डरातच राहू द्यायच्या, फक्त लोकांचा पत्ता बदलायचा. मग एक छोटी फाइल आतून दारात आणून ठेवायची आणि तिच्यातली एक ओळ बदलायची, म्हणजे आलेल्या माणसाला ती सरळ आत घेऊन जाते. जमलं तर पाच मिनिटं.

बाबा तीनदा विचारून गेले, "झालं का?" तिसऱ्यांदा मी चिडले. म्हटलं, तुमच्या मशीनवर रबर भाजत असताना मी विचारते का झालं का म्हणून? तसेच परत फिरले. एरवी दोन शब्द तरी ऐकवले असते.

बारीक झालेत. गेल्या आठवड्यात दोन दिवस परगावी जाऊन आले, रबराच्या शीट बघायला. एकही शीट आणली नाही. माल चांगला नव्हता, म्हणे. तेव्हापासून ताटात निम्मं टाकतात. साठी उलटली, कोणी सांगितलंय एवढा प्रवास? पण सांगणार कोण!

२३ ऑगस्ट, शुक्रवार

साइट पांढरीफटक! स्लॅश दुकान टाकलं तरी काही नाही, आतलं कुठलंही पान उघडलं तरी काही नाही. पाच मिनिटं म्हणणाऱ्या माझ्या तोंडाला काळं.

२४ ऑगस्ट, शनिवार

सापडलं. बदलायची ती ओळ बदललीच नव्हती मी, तशीच उचलून दारात ठेवली होती. दीड दिवस त्यात गेला.

ती ओळ दुरुस्त केली, तर दारात आपलं पुन्हा तेच — काम चालू आहे, थांबा, आलोच. दहादा बघितलं. मग कळलं, दारात आता दोन फाइली आहेत, एक माझी, एक धाकट्याची, आणि सर्व्हर आधी त्याची उघडतो. तो घरात होता तेव्हाही असंच होतं. मोठी मी, पण हाक आधी त्याला.

एकच उपाय. त्याचं पान निवडलं, त्याचा चित्रांचा फोल्डर निवडला. संगणकाने विचारलं, नक्की काढायचं? बोट तसंच राहिलं थोडा वेळ. मग दाबलं. जुने पासवर्डही सगळे बदलून टाकले त्या सपाट्यात. साफसफाई करायची तर धड करायची.

रडले. लिहायला लाज कसली, इथे कोण वाचतंय.

बाबांना सांगितलं, झालं. "बरं," म्हणाले. मग मोरीत जाऊन हात धूत राहिले. शाईचे हात एवढे घासून कधी निघतात का?

२५ ऑगस्ट, रविवार

नुसतं नाव टाकलं की आम्ही! जुन्या पत्त्यावर कोणी गेलं तरी आपोआप नव्यावर येतं. आज सुट्टीचं सगळं तपासलं, एकही दुवा तुटलेला नाही. कोणाला दाखवू? दाखवलं असतं अशा एकट्याच माणसाचं पान काढून केलंय हे.

२६ ऑगस्ट, सोमवार

भयंकर दिवस.

मी गिऱ्हाइकांच्या नावाच्या पाट्या पॅक करत होते. आई फोन घेऊन आली आणि समोर उभी राहिली. "ताई, त्याचं पान कुठे गेलं?"

मी सगळं सांगायला लागले — हेडबाई, स्लॅश, दोन फाइली. तिने ऐकलंच नाही. विचारलं, "कोणी सांगितलं काढायला?"

"बाबांनी."

ती बसली. स्टूल नव्हतं तिथे, जमिनीवरच बसली. मी धावले, पाणी दिलं, तर पेला हातात धरून ठेवला नुसता. ओठ पांढरे पडले होते. म्हटलं आई, अगं एक पान होतं ते. माझ्याकडे त्याची प्रत आहे, फेकलेलं नाही.

तिने विचारलं, "तू कधी उघडलंच नाहीस का ते पान?"

नव्हतं उघडलं. शनिवारी समोर आलं तेव्हाही वरची दोन वाक्यंच बघितली, खालचा ठसा नाही. मला बघवायचं नाही.

"तो गेला त्यानंतरच्या एप्रिलपासून त्यावरचा शिक्का बदलायचा. दर महिन्याच्या एक तारखेला नवी तारीख. एकही महिना चुकला नाही. मी बघायचे. तारीख बदलली की वाटायचं, सगळं ठीक आहे."

म्हणजे धाकटा! कुठूनतरी, दर महिन्याला, आहे मी म्हणून सांगत होता. आणि मी त्याचं पान पुसलं, वर कुलूपही बदललं!

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच. "मला का नाही सांगितलंस आई!"

ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सगळ्यात आधी हेच केलं. लॅपटॉपवरच्या प्रतीतून त्याचं पान परत चढवलं. दारात ठेवता येत नाही, तिथे आता दुकान आहे. म्हणून आत एक फोल्डर केला. उलटंच झालं सगळं. आता मी दारात आणि तो आत.

जुना पासवर्डही परत चालू केला. आणि पहिल्या पानावर अगदी वर, ठळक अक्षरात ओळ टाकली — धाकट्या, तुझं पान इथे हलवलंय, इथे ये. गिऱ्हाइकांना काय वाटायचं ते वाटू दे.

आईला दाखवायला गेले. "हे बघ, आहे. आता एक तारखेला तो लावेल."

"राहू दे ग ताई," म्हणाली. "कशाला."

तिला माझा राग आलाय. यायलाच हवा.

बाबांनी ती ठळक ओळ वाचली. वाटलं आता कडाडतील. उभ्या उभ्या वाचली आणि मशीनवर जाऊन बसले. मशीन चालू नव्हतं.

२८ ऑगस्ट, बुधवार

चार दिवस राहिले एक तारखेला.

३१ ऑगस्ट, शनिवार

आई जेवत नाही. घास चिवडते आणि ताट सरकवते. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब उतरलाय, म्हणाले, मनाला लागलंय का काही? मी मान खाली घातली.

१ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून पंचवीसदा तरी उघडलं पान. ऑगस्टचाच शिक्का.

आईने मात्र फोन हातातही घेतला नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

नाही.

त्याला पान सापडलं नसेल? का सापडलं आणि वाटलं, यांनी मला दारातून उचलून आतल्या खोलीत टाकलं, जाऊ दे? तो तसा आहे. टचकन डोळ्यात पाणी आणणारा. लहानपणी एकदा त्याच्या जागेवर पाहुणा बसला, तर जेवलाच नव्हता.

माझ्या हाताने केलं मी हे. बाबांनी सांगितलं, पण हात माझा.

५ सप्टेंबर, गुरुवार

काहीतरी शोधायचं म्हणून चित्रांचा फोल्डर उघडला. त्याने कुठल्या कागदावर शिक्का मारलाय, कडेला काही दिसतंय का, एखादं अक्षर, टेबलाची कड — म्हणजे कुठे आहे ते तरी कळेल.

तीस चित्रं. पहिलं ११ नोव्हेंबरचं, तो इथे असतानाचं. मग एप्रिलपासून या ऑगस्टपर्यंत एकोणतीस, सगळी एक तारखेची.

पहिलं मोठं केलं. अकरातले दोन्ही एक अखंड, सरळ पायाचे. मग एप्रिलचं मोठं केलं. एकच्या पायाचा टवका उडालेला. मेचं केलं. टवका. जूनचं. टवका. एकोणतीसच्या एकोणतीस मोठी करून बघितली, आशेने. प्रत्येकात टवका. तोच, तिथेच.

टवका तो गेला त्या दिवशी उडाला. त्या दिवसानंतर तो शिक्का या काउंटरवरून हललेला नाही.

धाकट्याने यातला एकही मारलेला नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी शटर ओढलं तेव्हा आई आत पडली होती. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला, त्यावर एप्रिलचा ठसा, मोठा करून. शेजारी शिक्का ठेवला. "बाबा, हे तुम्ही केलं?"

बाबांनी शिक्का उचलून परत जागेवर ठेवला. मग म्हणाले, "हो."

कसं, ते विचारलं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर धाकट्याने एक फोल्डर करून ठेवला होता, त्यात चित्र टाकलं की आपोआप त्या पानावर लागायचं. बाबांना दाखवून ठेवलं होतं त्याने, जाण्याच्या दोनच दिवस आधी. "त्याने शिकवलेलं तेवढंच येतं मला," म्हणाले.

का, तेही विचारलं. आई रोज ते पान उघडून बसायची म्हणून. तेव्हाही जेवण सोडलं होतं तिने. आठवलं मला. मार्चमध्ये सोडलं होतं आणि एप्रिलमध्ये पुन्हा जेवायला लागली होती. आम्हाला वाटलं, टॉनिक लागू पडलं.

मी म्हटलं, "मग चालू ठेवायचं होतंत! मला का काढायला लावलंत? ती मरायला टेकलीय आत. आत्ता मारा शिक्का. आत्ता लावा!"

मान हलवली नुसती.

"इतके महिने खोटं लावलंत, अजून एक लावायला काय झालं?"

"ते खोटं नव्हतं, ताई," म्हणाले. "तेव्हा मला माहीत नव्हतं."

मला समजलं नाही. मग खालच्या खणातून एक पाकीट काढून समोर ठेवलं. आत खिशात ठेवायचा छोटा शिक्का होता, आमच्याच दुकानचा, आमच्या नावाचा, आमच्या नंबरचा. धाकटा नववीत होता तेव्हा स्वतः केलेला, पहिला. मूठ थोडी वाकडी आहे.

इस्पितळातून फोन आला होता त्यांना. दूरच्या शहरातून. गोदामात कामाला होता, ताप अंगावर काढला, शेवटी शेजारच्यांनी उचलून नेला. पिशवीत हा शिक्का सापडला, त्यावरचा नंबर लावला त्यांनी. बाबा पोचले तेव्हा संपलं होतं.

रबराच्या शीट!

"सगळं एकट्याने उरकून आलो," म्हणाले. "हिला काय सांगू? मी हाकललं म्हणून सांगू? वाटलं, पानच नसलं की तारीखही नाही. ती म्हणेल साइट बदलली म्हणून गेलं. निदान तो कुठेतरी आहे असं तरी वाटत राहील तिला."

साइट बदलली म्हणून. म्हणजे दोष माझ्यावर. हेडबाईंचं खरं होतं का, ते विचारायचं राहिलं. विचारून काय करायचंय.

मला त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. बापाच्या. आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासा वाटला. दोन्ही केलं नाही. शिक्का मुठीत घेऊन बसून राहिले. धाकटा गेला. धाकटा गेला. लिहून बघितलं तरी खरं वाटत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

पहिल्या पानावरची ठळक ओळ काढली. इथे ये.

१० सप्टेंबर, मंगळवार

तोंड धुताना नळ सोडून रडते. घरात एवढी एकच जागा आहे.

बाबांना म्हटलं, आईला सांगा. "सांगतो." काल म्हटलं. "सांगतो." आज तिच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा वाटलं आता. तिने विचारलं, "चहा टाकू का?" ते हो म्हणाले. एवढ्यावरच उठले.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं, साइट छान झाली हो, नाव टाकलं की सरळ तुम्हीच! मी हसते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आई आज उभी राहताना पडता पडता वाचली. चादरीत दिसत नाही इतकी झालीय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर भरती करा.

आता सांगितलं तर ती जगायची नाही. हे मी ठरवलंय, कोणी मला ठरवायला सांगितलेलं नाही. पण तिला असंच बघत बसू? बाबांना म्हटलं, पुढच्या एक तारखेला शिक्का लागला पाहिजे. आपण सांगू, त्याला पान सापडायला वेळ लागला. अंगात थोडं बळ येऊ दे तिच्या, मग सांगू.

"माझा हात चालायचा नाही," म्हणाले.

"माझा चालेल."

आणि मीच बाबांना खोटारडे म्हणत होते, अकरा दिवसांपूर्वी.

२९ सप्टेंबर, रविवार

कोऱ्या कागदावर मारून बघितला. टवका झाकायचा विचार केला, मेणाने वगैरे. मग लक्षात आलं, आधीच्या एकोणतीसमध्ये आहे तर तिसाव्यातही असायला हवा. या घरात मी काय काय शिकले!

१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी शिक्का मारला, स्कॅन केला, पानावर चढवला. फोन घेऊन धावत गेले. "आई, बघ! तारीख!"

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"हा तू मारलायस," म्हणाली. "तुझे बाबा इतका दाबत नाहीत."

मी तिच्या पायाशी बसले.

"पहिल्या महिन्यापासून माहीत होतं मला. रोज पुसते मी तो शिक्का, त्याचा टवका मला ओळखू येणार नाही? ते लावत होते तोवर वाईट बातमी नव्हती, एवढंच मी बघायचे. पान त्यांनी काढायला लावलं असं तू म्हणालीस, त्या दिवशीच काय ते समजले मी." मग फोन माझ्या हातात दिला. "त्यांना बोलू नकोस यातलं काही. मला अजून आशा आहे असं त्यांना वाटतं, म्हणून उठतात ते सकाळी. पुढच्या महिन्यात जरा हलक्या हाताने मार."